श्वास तुमचा, मोजणार कोण?

सातवा महिना लागला की हल्ली शनिवारची दुपार बुक असते. डोहाळजेवणाला नाही, अँटिनेटल क्लासला! गंगापूर रोड असो की इंदिरानगर, सीन ठरलेला. मॅटवर ती, पाठीशी उशी धरून तो. मॅडम घड्याळ बघत म्हणतात, 'कळ सुरू... नाकाने आत... तोंडाने हळूहळू बाहेर...' आणि तो मनापासून आकडे मोजतो. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये एवढं अटेन्शन कुणी बघितलंय?

आता पुढची गंमत. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेर! नवव्या महिन्यात ती मालेगावला, नाहीतर धुळ्याला, जळगावला. तो इकडे सातपूरच्या कंपनीत, फोन उशाशी घेऊन. कळा सुरू होतात मंगळवारी पहाटे (लेकरं काही वीकेंड बघून येत नाहीत). ज्याला मोजणं येतं तो हायवेवर, आणि जी जवळ आहे त्या आईला क्लासमध्ये काय शिकवलं याचा पत्ताच नाही. ती बिचारी लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणते, 'दम धर गं बाई, दम धर.'

आणि क्लासने तर नेमकं उलटं शिकवलेलं असतं. दम धरू नकोस, सोड!

त्यामागचं गणित साधं आहे. कळ साधारण मिनिटभराची असते. चढते, माथ्यावर पोचते, उतरते. घाबरलं की आपण श्वास रोखतो, खांदे वर जातात, जबडा आवळला जातो आणि तेच दुखणं जास्त वाटायला लागतं. सावकाश, लांब सोडलेला श्वास शरीर सैल ठेवतो आणि डोक्याला त्या मिनिटापुरतं एक काम देतो. बस्स, एवढंच. कळ जात नाही, ती काढता येते.

फर्नांड लमाझ या फ्रेंच डॉक्टरांचं प्रॉमिस मात्र बरंच मोठं होतं. १९५१ मध्ये त्यांनी सोव्हिएत युनियनमध्ये पाव्हलॉवच्या सिद्धांतावर उभी केलेली पद्धत बघितली आणि ती पॅरिसमध्ये, मेटल कामगारांच्या युनियनच्या हॉस्पिटलात आणली. नाव काय, तर 'वेदनेशिवाय बाळंतपण'! आज कुठलीही प्रामाणिक इन्स्ट्रक्टर असं म्हणणार नाही. पण लमाझच्या पद्धतीतली एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो. तिथे प्रसूतीच्या वेळी शेजारी एक शिकवलेली मदतनीस असायची, श्वासाची लय धरून देणारी. एकटीने पाठ करून एकटीने म्हणायचा हा पाढा नव्हताच.

आणि त्याला कारण आहे. कळा जोरात आल्या की भलेभले भराभर, उथळ श्वास घ्यायला लागतात. मग शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. जिला होतंय तिला ते कळत नाही, समोरच्याला दिसतं. त्याने फक्त म्हणायचं, 'माझ्याकडे बघ, माझ्याबरोबर सोड.' तसंच अगदी शेवटी. बाळाचं डोकं बाहेर येताना डॉक्टर म्हणतात, 'आता जोर लावू नकोस.' तेव्हा गरम चहावर मारतो तशा छोट्या छोट्या फुंकरा मारायच्या. त्या क्षणी हे आठवणार कुणाला? आठवण करून देणारं कुणीतरी लागतंच.

म्हणून माझं म्हणणं, क्लासच्या शेवटच्या दोन शनिवारी आईला बोलवून घ्या. नाहीच जमलं तर माहेरी पोचल्यावर रोज रात्री दहा मिनिटं तिच्याबरोबर बसा. ती आधी हसेल. 'आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं!' हसू द्या. तिसऱ्या दिवशी तीच आकडे मोजायला लागेल.

नाशिकसारख्या योगाच्या गावात अजून एक सांगायला हवं. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरायचा कुंभक गरोदरपणात नको. रोजची सवय असली तरी नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. भ्रामरीसारखा हलका गुंजारव मात्र छान चालतो. त्याने जबडाही सैल राहतो. आणि हो, एपिड्युरल घेतलं किंवा सिझर झालं, तर क्लासची फी वाया गेली असं कृपया कुणी म्हणू नका. सुई टोचून घेतानासुद्धा शांत श्वास कामाचाच असतो.

राहिला प्रश्न दाराचा. लेबर रूमच्या. आईला किंवा नवऱ्याला आत सोडणार का? सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सांगितलंय. पुरेसा आडोसा असेल तिथे नवराही चालतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस तर तिच्या पसंतीच्या सोबत्याची आहे. खासगीत मात्र ज्याचा त्याचा नियम. तेव्हा नाव नोंदवतानाच विचारा, रात्री-अपरात्रीही हेच उत्तर असेल ना, हेही विचारा. 'बघू तेव्हाचं तेव्हा' असं म्हणाले, तर पुढच्या व्हिजिटला पुन्हा विचारा. बॉसच्या 'बघू'चा अर्थ आपल्याला चांगलाच माहितीय!