सहरीची वेळ कोणत्या गावची?

मागच्या रमजानमधली गोष्ट. जाऊबाईंच्या मुलाला अचानक ताप चढला, दवाखान्यात भरती करावं लागलं, म्हणून आम्ही दोघंही त्या रात्री तिकडेच होतो. घरी माझ्या सासूबाई आणि धाकटी लेक. अम्मींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं बाकी होतं, त्यामुळे भिंतीवर लावलेलं मशिदीचं टाइमटेबल त्यांना वाचता येत नव्हतं. फजरची अजान घरापर्यंत ऐकू येत नाही; रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवण्याचा नियम आमची मशीद पाळते. अम्मींनी रेडिओ लावला. एका खाजगी एफएमवर रमजानचा खास कार्यक्रम चालू होता. एक नात झाली आणि मग निवेदिका अगदी गोड आवाजात म्हणाली की सहरी संपायला अजून पंधरा मिनिटं आहेत, घाई करू नका, पाणी पिऊन घ्या. अम्मींनी उरलेला चहा गरम केला, एक खजूर खाल्ला, सावकाश पाणी प्यायल्या आणि नियत केली.

ती पंधरा मिनिटं मुंबईची होती. आम्ही राहतो वऱ्हाडात. आमच्याकडे मुंबईपेक्षा सुमारे वीस मिनिटं आधी उजाडतं. अम्मींनी चहा गॅसवर ठेवला तेव्हा आमच्या गावची सहरी संपून गेलेली होती.

सकाळी मी घरी आले तेव्हा त्या कौतुकाने सांगू लागल्या, "रेडिओवाली पोरगी बिचारी किती काळजीने सांगत होती." मी वेळ विचारली आणि गप्प झाले. मौलाना साहेबांना फोन केला. ते म्हणाले, जाणूनबुजून केलेलं नाही, कफ्फारा नाही, पण रोजा झाला नाही. आज दिवसभर काही खाऊ-पिऊ नका आणि ईदनंतर कजा ठेवा. मसला सोपा होता. पण अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे, आणि आजारपण सोडलं तर त्यांचा एकही रोजा कधी गेलेला नाही. मगरिबपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी त्या एफएमच्या जवळच्या शहरातल्या कार्यालयात फोन लावला. फोन उचलणारा मुलगा जाहिरात विभागातला होता. अदबीने बोलला. म्हणाला, "मॅडम, पहाटेचा प्रोग्राम इथून नसतो, मुंबईहून येतो. रात्री इथे कोणीच नसतं. फक्त वॉचमन असतो."

"रात्री इथे कोणीच नसतं" हे वाक्य ऐकून मला अमेरिकेतल्या एका गावाची हकिकत आठवली. ती मी पूर्वी वाचली होती, तेव्हा दूरची वाटली होती.

नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट नावाचं छोटं शहर आहे. तेव्हा वस्ती पस्तीस-छत्तीस हजार होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास, शहराच्या कडेला एक मालगाडी रुळांवरून घसरली. तिच्या काही टाक्यांमध्ये अमोनिया होता, शेतीच्या खतासाठी लागतो तो. पाच टाक्या तिथेच फुटल्या आणि पांढरा विषारी ढग घरांवर पसरू लागला. जानेवारीतली तिथली थंडी, अंधार, काही भागांत वीजही गेलेली. अशा वेळी लोकांनी काय करायचं? घराबाहेर पळायचं की दारं-खिडक्या बंद करून आतच थांबायचं? आत थांबणं बरोबर होतं. पण हे सांगणार कोण? वीज नसताना घराघरात सेलवर चालणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे रेडिओ.

शहरात सहा व्यावसायिक रेडिओ केंद्रं होती आणि सहाही एकाच कंपनीच्या मालकीची होती. क्लिअर चॅनल हे तिचं नाव. पोलिसांनी केंद्रात फोन केले, पण उचलायला कोणी मिळेना. गाणी मात्र चालू होती. त्या रात्री एका माणसाचा जीव गेला आणि तीनशेहून अधिक लोकांना इजा झाली. कंपनीची बाजूही सांगायला हवी. तिचं म्हणणं असं की केंद्रात माणूस होता, आणि आपत्तीच्या वेळी प्रसारणात थेट शिरण्याची जी सरकारी यंत्रणा असते ती पोलिसांना नीट वापरता आली नाही. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. पण एक प्रश्न त्यानंतर तिथल्या संसदेपर्यंत गेला: एका गावाची सहाच्या सहा केंद्रं एका मालकाच्या हातात गेलीच कशी?

ती कायद्यानेच गेली. १९९६ पर्यंत अमेरिकेत एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त चाळीस रेडिओ केंद्रं ठेवता येत. त्या वर्षी फेब्रुवारीत नवा दूरसंचार कायदा आला आणि ही मर्यादा उठली. स्पर्धा वाढेल असं सांगण्यात आलं होतं. झालं उलटंच. टेक्सासमधल्या या कंपनीने बघता बघता बाराशेहून अधिक केंद्रं गोळा केली. इतकी केंद्रं विकत घ्यायची तर कर्ज लागतं, आणि कर्ज फेडायचं तर खर्च कमी करावा लागतो. रेडिओत मोठा खर्च कसला? माणसांचा. मग एका शहरातला निवेदक आपला आवाज आधीच मुद्रित करून दहा शहरांना पुरवू लागला. समोरच्या कागदावर त्या त्या गावातल्या चौकाचं नाव, तिथलं हवामान लिहिलेलं असायचं. ऐकणाऱ्याला वाटे, हा आपल्याच गल्लीतून बोलतोय. त्याला ते गाव नकाशावर दाखवता आलं असतं का, कोण जाणे.

आणि एवढं करून कंपनी तरी सुखी झाली का? २००८ मध्ये गुंतवणूकदारांनी ती कर्ज काढून विकत घेतली, २०१४ मध्ये तिचं नाव आयहार्टमीडिया झालं, आणि २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जाखाली तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २०२० च्या सुरुवातीला पुन्हा कपात झाली आणि गावोगावच्या कित्येक जुन्या निवेदकांची नोकरी गेली. गावाचा आवाजही गेला आणि पैसाही राहिला नाही. व्याजाच्या बाबतीत आपल्या दीनने जे सांगितलं आहे ते इथे उगाळत बसत नाही, वाचक जाणतात.

आता आपल्याकडे येऊ. पहिलं खाजगी एफएम २००१ मध्ये बंगळुरूत सुरू झालं. सुरुवातीला परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं. ते झेपेना, काहींनी केंद्रं बंद केली. २००५ मध्ये सरकारने धोरण बदललं: एकदाच प्रवेश शुल्क आणि मग उत्पन्नातला ४ टक्के वाटा. २०११ च्या धोरणाने कंपन्यांना आणखी एक सवलत दिली. आपल्या एका केंद्रावरचा कार्यक्रम देशभरातल्या आपल्या इतर केंद्रांवर लावण्याची मोकळीक मिळाली. छोट्या शहरात जाहिराती कमी मिळतात, हे खरंच आहे. चार माणसांचा पगार काढण्यापेक्षा मुंबईची तार जोडणं स्वस्त. त्या जाहिरात विभागातल्या मुलाला मी दोष देत नाही. उद्या त्याचीही खुर्ची जाईल.

आपल्या सरकारने अमेरिकेइतकं रान मोकळं सोडलेलं नाही, हेही नमूद करते. एका शहरातली ४० टक्क्यांहून अधिक खाजगी केंद्रं एका कंपनीला घेता येत नाहीत. मायनॉटसारखी सहापैकी सहा इथे होणार नाहीत. पण मालक वेगळे असले आणि तिन्ही केंद्रं पहाटे मुंबईहूनच बोलत असली, तर अम्मींना त्याचा काय उपयोग?

खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कमी जणांना ठाऊक असतं ते असं की त्याच २०११ च्या धोरणात काही गोष्टी 'बातमी' मानल्या जात नाहीत, त्या सांगायची पूर्ण मुभा आहे: रहदारी, हवामान, पाणी आणि वीज कधी येणार-जाणार, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या जागा, सण-उत्सव, नैसर्गिक आपत्ती, साथीचा इशारा. ही यादी वाचून मला तर आमचा मोहल्लाच डोळ्यासमोर आला. घरातल्या बाईला रोज हेच हवं असतं. कायदा सांगू देतो, सांगायला माणूस ठेवत नाहीत.

माझ्या लहानपणी रेडिओ काही फार मोठा सोवळा होता असं मी म्हणत नाही. आकाशवाणीचे कितीतरी कार्यक्रम कंटाळवाणे असत, शेतीच्या भाषणाला आम्ही मुलं तोंडं वेडावत असू. पण 'आपली आवड'मध्ये पोस्टकार्ड पाठवलेल्या श्रोत्यांची नावं वाचली जात आणि त्यात गाव असे. अब्बा उर्दू सर्व्हिसची फर्माइश ऐकत, तेव्हा गाण्यापेक्षा त्यांचं लक्ष गावांच्या नावांकडे असे. झुमरी तलैया हे गाव भारताला माहीत झालं ते तिथल्या लोकांच्या फर्माइशींमुळेच.

दुसरी वाटही आहे. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने, न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालात, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं. २००६ पासून आपल्याकडे संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळतो. शंभर वॉटचं छोटं केंद्र, पंधराएक किलोमीटरपर्यंत ऐकू जाईल इतपत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी अशीच चालते. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड, लेस्टरसारख्या शहरांत तर आपल्या लोकांनी रमजानपुरते तात्पुरते परवाने काढून महिनाभर रेडिओ चालवले आहेत. मशिदीची पोरं माइकवर आणि वेळा त्याच शहराच्या. आपल्याकडे एवढ्या शिक्षणसंस्था आहेत, डी.एड., बी.एड. कॉलेजं आहेत. सभागृह बांधायला वर्गणी निघते; मग असं एखादं केंद्र काढायचं कोणाला का सुचू नये?

ते होईल तेव्हा होईल. सध्याचं सांगते. शाबानचा चांद दिसला की मी त्या एफएमला पत्र पाठवणार आहे, सोबत आमच्या मशिदीचं टाइमटेबल जोडून. मागणी एवढीच: वेळ सांगताना "मुंबईत" हा एक शब्द तरी म्हणा. तुमच्या शहरात असा कार्यक्रम लागत असेल तर तुम्हीही पाठवा. मुंबई आणि नागपूरमध्ये पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटं, हा हिशेब भूगोलाच्या तासाला आम्ही शिकवतोच.

अम्मींचं ऑपरेशन झालं. कजा रोजा त्यांनी शव्वालमध्ये ठेवला. लेकीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत वेळा लिहायच्या ठरवल्या आहेत. रेडिओ अजून त्यांच्या उशाशीच असतो. नात ऐकतात. निवेदिका बोलायला लागली की मला हाक मारून विचारतात, "ही कुठून बोलतेय गं?"