तंत्रज्ञानप्रमुखांचे मंडळ : कोणासाठी?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर पडलेल्या दरोड्यात तिजोरी फुटली नाही की पहारेकऱ्याला इजा झाली नाही. ११ ऑगस्टला बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएम यंत्रांतून रकमा काढल्या गेल्या आणि १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या घरात होती. स्विफ्टच्या वाटेने झालेली ही पहिली चोरी नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम याच वाटेने बाहेर गेली होती, आणि पुण्यातील घटनेच्या अवघ्या सहा महिने आधी कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेच्या यंत्रणेतून सुमारे वीस लाख डॉलरचे बनावट आदेश सुटले होते. दरम्यान रिझर्व्ह बँकेची परिपत्रकेही निघत होती. तथापि, एका बँकेला महागात पडलेला धडा दुसऱ्या बँकेच्या तंत्रज्ञानप्रमुखापर्यंत, त्याच्या उपयोगी पडेल अशा तपशिलासह, वेळेवर पोहोचतो काय, हा प्रश्न उरतोच.

तंत्रज्ञानप्रमुखांच्या व्यावसायिक संघटनेची स्थानिक शाखा काढावयाची म्हटली की तिचे मोल याच प्रश्नाच्या आधारे ठरवावयास हवे. प्रत्यक्षात चर्चा भलतीकडेच वळते. उत्साही मंडळी उद्घाटनाला कोणाला बोलवायचे, सभागृह कोणते घ्यायचे आणि कार्यकारिणीत कोणाची वर्णी लावायची याच्या विचारात गुंततात. संशयी मंडळींना, मोठ्या पगाराच्या लोकांनी परस्परांना पुष्पगुच्छ देण्याचे हे आणखी एक निमित्त वाटते. दोघांचेही दुर्लक्ष होते ते एका गोष्टीकडे : हा तंत्रज्ञानप्रमुख कोण आहे आणि त्याची खरी अडचण कोणती आहे?

पुण्या-मुंबईतील मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञानप्रमुख येथे क्षणभर बाजूला ठेवावेत. सांगली, सोलापूर, जळगाव किंवा लातूर येथील एखादी नागरी सहकारी बँक, साखर कारखाना, महापालिका वा दोनशे खाटांचे रुग्णालय डोळ्यांसमोर आणावे. येथे ‘संगणक विभाग’ म्हणजे एके काळी हिशेबखात्यामागची खोली असे. आज उसाचे वजन आणि बिल, ठेवीदाराची शिल्लक, रुग्णाचा तपासणी अहवाल व घरपट्टीची मागणी या सर्वांचा भार त्या खोलीवर आहे. तेथील प्रमुखाच्या हाताखाली पुष्कळदा दोन-तीन माणसे असतात. त्याच्या वर असलेल्या संचालक मंडळाला या विषयात गती नसते आणि समोर बसलेल्या विक्रेत्याला त्याच्याहून कितीतरी अधिक माहिती असते. ज्याच्याशी बरोबरीने बोलता येईल असा माणूस संस्थेत कोणी नसतो. जबाबदारी मोठी आणि सोबत नाही, अशी ही स्थिती आहे.

अर्थशास्त्राला ही स्थिती परिचित आहे. विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आहेत आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारात चांगला माल मागे पडून वाईट माल पुढे येतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. संगणकप्रणालीची खरेदी ही जुन्या मोटारीच्या खरेदीहून अवघड आहे. मोटार नापसंत पडली तर विकता येते. बँकेची मूळ प्रणाली एकदा बसविली की ती बदलणे म्हणजे चालत्या गाडीची चाके बदलण्यासारखे असते; म्हणून पहिला करार स्वस्तात होतो आणि नंतरच्या देखभालीचे दर विक्रेता ठरवितो. त्याच विक्रेत्याने शेजारच्या जिल्ह्यात कोणता दर लावला, तक्रार केल्यावर माणूस किती तासांत आला, राखून ठेवलेली माहिती प्रसंगी खरोखर परत मिळाली काय, ही माहिती जाहिरातीत नसते. ती दुसऱ्या ग्राहकाजवळ असते. एकाच विक्रेत्याचे पंधरा ग्राहक एका टेबलाभोवती बसू लागले तर त्यांच्यापैकी कोणीही पूर्वीइतका दुबळा राहत नाही. स्थानिक शाखेचे मुख्य आर्थिक समर्थन हे आहे.

परस्परावलंबन किती वाढले आहे हे २०२४ च्या जुलै महिन्याने दोनदा दाखविले. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंतची कामे खोळंबली. महिनाअखेरीस भारतातील सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रसेवा कंपनीवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला तिचा संबंध तात्पुरता तोडावा लागला आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. या बँकांचा पुरवठादार एक होता, धोका एक होता. ग्राहक मात्र तीनशे ठिकाणी विखुरलेले होते. देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. हा प्रश्न त्यामुळे येथे इतर राज्यांपेक्षा अधिक निकडीचा आहे.

समव्यावसायिकांनी एकत्र येण्याची कल्पना अर्थातच नवी नाही. १८१८ च्या जानेवारीत लंडनमधील एका कॉफीगृहात काही तरुण अभियंते जमले आणि त्यातून इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ही संस्था निघाली. १८२० मध्ये थॉमस टेलफर्ड अध्यक्ष झाल्यावर तिला वजन आले आणि १८२८ मध्ये राजसनद मिळाली. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरविण्यात पुढाकार घेतला तेव्हा उद्योगधंद्यांची माहिती एकत्र करून तिची चर्चा करणे हाच हेतू होता. १९३४ मध्ये निघालेल्या मराठा चेंबरमागेही हीच परंपरा होती. संगणकाच्या क्षेत्रात १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली ती संगणक वापरणाऱ्यांच्या एका छोट्या गटातून. तिचे पहिले अध्यक्ष टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रा. आर. नरसिंहन होते. देशात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना ते वापरणाऱ्यांना परस्परांची गरज वाटली. आज संगणक घरोघरी पोहोचला असताना ती गरज संपली असे मानणे चुकीचे ठरेल.

मग अशा शाखा निघून थोड्याच काळात निस्तेज का होतात? मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्येच याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. सामुदायिक प्रयत्नाचे फळ सर्वांना मिळणार असेल तर श्रम दुसऱ्याने करावे, असे प्रत्येकाला वाटते. येथे त्यात आणखी एका अडचणीची भर पडते. या मंडळात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे स्वतःच्या अपयशाची हकीकत. आणि ती सांगण्यात सांगणाऱ्याचा तोटा, ऐकणाऱ्याचा फायदा असतो. आपल्या बँकेत कोणता दरवाजा उघडा राहिला हे जाहीर सभेत कोण सांगेल? परिणामी व्यासपीठावरून यशोगाथा ऐकू येतात आणि खरे बोलणे चहाच्या वेळी, ओळखीच्या दोघांत, हलक्या आवाजात होते.

ही अडचण दुर्लंघ्य नाही. अमेरिकेत विमानवाहतुकीतील चुका व थोडक्यात टळलेले अपघात कळविण्याची योजना १९७६ पासून ‘नासा’ चालवीत आहे. दंड करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे ही माहिती थेट जात नाही. कळविणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते आणि धडा तेवढा सर्वांपर्यंत पोहोचविला जातो. आजवर वीस लाखांहून अधिक वृत्तांत तेथे जमा झाले आहेत. भारतात एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संगणकीय हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवावी लागते. रिझर्व्ह बँकेचेही असेच नियम आहेत. हे आवश्यकच आहे. परंतु या नियमांनी माहिती खालून वर जाते. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाण्याची वाट त्यांनी तयार होत नाही. हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेने बँकांसाठी असा प्रयत्न केला आहे. कारखाना, रुग्णालय आणि नगरपालिका यांना मात्र अशी वाट कोणती? स्थानिक शाखेला करण्याजोगे काम येथे आहे.

परंतु शाखा काढताना तीन धोके ओळखले पाहिजेत. पहिला पैशाचा. सभागृह, जेवण, स्मृतिचिन्हे यांचा खर्च विक्रेते आनंदाने उचलतात, आणि ज्याने जेवण दिले त्याच्या मालाचे दोष त्याच सभेत काढणे सभ्यतेला धरून दिसत नाही. ग्राहकांचे बळ वाढविण्यासाठी निघालेले मंडळ अशा रीतीने विक्रेत्यांचे प्रदर्शन बनते. यात कोणी लाच देत नाही वा घेत नाही. केवळ मूळ हेतू गळून पडतो.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. एकाच धंद्यातील माणसे एकत्र आली की बोलणे लोकांविरुद्धच्या कटाकडे वळते, असा इशारा ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच दिला होता. परस्परांची माणसे ओढावयाची नाहीत, या आपापसांतील समजुतीवरून अमेरिकेच्या न्यायखात्याने २०१० मध्ये ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी यांसह सहा कंपन्यांवर दावा केला. पुढे सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या वतीने झालेल्या दाव्यात यांपैकी चार कंपन्यांना २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलर मोजावे लागले. तालुक्याच्या गावी एखाद्या होतकरू प्रोग्रामरचा पगार चार प्रमुखांच्या गप्पांत ठरू लागला, तर त्याला दाद मागण्याचीही ऐपत नसते. भारताचा २००२ चा स्पर्धा कायदा संघटनांनाही लागू आहे, हे विसरून चालणार नाही.

तिसरा धोका खास आपला आहे. संस्था नोंदविली, घटना छापली आणि दुसऱ्याच निवडणुकीत दोन गट पडून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परस्परविरोधी बदल-अर्ज दाखल झाले, हे चित्र महाराष्ट्राने ग्रंथालयांपासून व्यायामशाळांपर्यंत पाहिले आहे. पदाला काम जोडलेले नसले म्हणजे पदासाठी भांडण होते.

या तिन्हींवरचे उपाय खर्चिक नाहीत. आरंभ पंधरा-वीस सभासदांनी करावा. लहान गटात कोण येतो आणि कोण येत नाही हे सर्वांना दिसते, म्हणून कामचुकारपणाला आळा बसतो. खर्च वर्गणीतूनच भागवावा, मग सभा महाविद्यालयाच्या वर्गात भरवावी लागली तरी हरकत नाही. विक्रेत्याला बोलवावे, त्याला प्रश्न विचारावेत, पण कार्यकारिणीत घेऊ नये. दर महिन्याच्या बंद बैठकीत एका सभासदाने एक फसलेले काम सांगावे. नाव बाहेर जाऊ नये, धडा मात्र लिहून ठेवावा. पगार आणि निविदांचे भाव हे विषय बैठकीत वर्ज्य असावेत. झालेल्या खरेदीचा अनुभव सांगणे वेगळे आणि होऊ घातलेल्या निविदेचा भाव जुळविणे वेगळे, ही सीमा घटनेतच लिहावी. अध्यक्षपद एका वर्षाहून अधिक काळ कोणाकडे राहू नये. आणि सहकारी बँक, नगरपालिका, सार्वजनिक रुग्णालय यांच्या प्रमुखांना पहिल्या यादीत स्थान असावे, कारण त्यांना सल्लागार नेमणे परवडत नाही.

मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी देशपातळीवर शिखर संस्था सुरू झाली असून ती सामायिक तंत्रसेवा पुरवू शकेल. तेव्हा गावोगावच्या मंडळांची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. परंतु शिखर संस्थेची सेवा चांगली की वाईट हे ठरविण्यासाठीही जाणता ग्राहक लागतो, आणि तो दिल्ली-मुंबईहून पाठविता येत नाही.

शेवटी या अज्ञानाची किंमत कोण देतो हे पाहिले पाहिजे. करार चुकला म्हणून तंत्रज्ञानप्रमुखाची क्वचित बदली होते आणि विक्रेत्याला दुसरा ग्राहक मिळतो. हप्ता भरण्यासाठी आलेला दुकानदार, उसाच्या बिलाची वाट पाहणारा शेतकरी आणि आयुष्याची पुंजी ठेवून बसलेली पेन्शनर विधवा यांना ‘आज यंत्रणा बंद आहे’ एवढेच उत्तर मिळते. शाखा सुरू झाल्यानंतर त्या जिल्ह्यात हे उत्तर ऐकण्याचे प्रसंग कमी झाले काय, एवढे तिच्या पहिल्या वार्षिक अहवालात नमूद व्हावे. उद्घाटनाचे छायाचित्र त्यात नसले तरी चालेल.