आईचं दुखणं, घराची गोष्ट

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली आली. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. मूळ इंग्रजी कादंबरीला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. माहीमच्या छोट्या घरातलं गोवेकर कुटुंब, उन्माद आणि नैराश्य यांत हेलकावणारी आई, तिला समजून घेऊ पाहणारा मुलगा. कथानक एवढंच.

अशा पुस्तकावर दोन मतं होणारच. कुणाला वाटतं, तेच ते झटके, तेच दवाखाने. गोष्ट पुढे सरकत नाही. कुणाला आईचे फटकळ विनोद खटकतात. कुणी मात्र पुस्तक मिटून गप्प बसतं, कारण ते घर त्याच्या ओळखीचं असतं. आम्हाला वाटतं, पहिली तक्रारच या पुस्तकाची खूण आहे. हा आजार परत परत येतो. घरच्यांनाही त्याची पानं गाळता येत नाहीत.

अशी घरं आमच्याकडेही आहेत. आमच्या तळेगावातून महामार्गाने नागपूर गाठता येतं. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तरी ‘नागपूरला नेलं’ हे आपण अजून हळू आवाजात बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला. बोलण्याचं धैर्य मात्र कायदा देत नाही. ते कधी कधी कादंबरी देते.

पुस्तक आवडलं नाही तरी जरूर कळवा. आणि घरात कुणाला गरज असेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा.