सुशी महाग, अन् आपला भात-मासा स्वस्त काहून?

आजची पोस्ट ताटाबद्दल आहे. शेवटी राजकारण वाटली तर वाटू द्या.

मागं नागपुरात एका जपानी हॉटेलात सुशी खाऊन पाहिली. आठ तुकडे, बिल सातशेच्या वर. काहींवर माशाची चकती, काहींभोवती समुद्री शेवाळाची पट्टी. चव बरी होती, पोट मात्र भरलं नाही.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असं आपल्याकडे सगळे समजतात. तसं नाही. सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला आंबूस भात. नुसता कच्चा मासा असला की त्याला साशिमी म्हणतात. मूळची सुशी तर मासे टिकवण्याची पद्धत. खारवलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा. ज्यांच्या बांधीत धान आणि शेजारच्या पाण्यात मासा, त्यांचं हे खाणं.

असे लोक अजून कोण? आपणच की!

गोंदियाला धाननगरी म्हणतात, जिल्ह्याला तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव अजून उभे आहेत, नवेगावबांध त्यातलाच. पण भाताचं काय? 2025-26 चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे शंभर किलो धानाचे पैसे सुशीच्या तीन-साडेतीन प्लेटांत संपतात, अन् एका प्लेटीत तांदूळ जेमतेम मूठभर. जपानी माणूस कसब अन् नाव विकतो. आपण पोतं विकतो.

माशांची गोष्ट तर आणखी वाईट. तलावात गाळ, काठाला बेशरम, अन् मरळ, शिंगूर, मागूर हे आपले मासे कमी होत चालले. बाजारात मात्र आंध्रचा बर्फातला मासा. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर बांधवांना सोबत घेऊन तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. म्हणजे काम होऊ शकते. पण हे काम संस्थेनंच काहून करायचं? जिल्हा परिषद कशासाठी आहे?

आता कोणी म्हणेल, गोंदियात सुशीचं दुकान काढा. जरूर काढा, पण तलावातला मासा कच्चा वाढू नका बाप्पा. गोड्या पाण्यातल्या माशात परजीवी असतात, जपानी लोकही त्याला जपून असतात.

माझं म्हणणं वेगळं आहे. गावात मोमोज मिळतात, चाऊमिन मिळते. पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला 'गोंदियाचं काय खाऊ?' म्हटलं तर पाटी दाखवता येत नाही. शेजारच्या भंडाऱ्याच्या चिन्नोरला जीआय मानांकन मिळालं. 1 मे 1999 पर्यंत आपण एकाच जिल्ह्यात होतो, माती तीच आहे.

म्हणून तीन मागण्या. तलावांचा गाळ अन् बेशरम काढायला दरवर्षी पैसा ठेवा. मासेमारी ढिवरांच्या सोसायट्यांच्या हातात राहू द्या, ठेकेदाराच्या नको. अन् नवेगावबांधला येणाऱ्या पर्यटकाला बचत गटाच्या हातचा चिन्नोरचा भात अन् तलावाच्या माशाचा रस्सा मिळेल, अशी सोय करा.

पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल, त्याला हे विचारा. मग तो कोणत्याही पक्षाचा असो.