राख नव्हे, काच : राखेच्या झिलईचे श्रेय कुणाचे?

‘जपान हा ज्वालामुखींचा देश, म्हणून तेथील प्राचीन भांड्यांवरची राखेची झिलई ज्वालामुखीच्या राखेची.’ इतिहासप्रेमी मित्रहो, हे अनुमान कितीही मोहक वाटले तरी ते चुकीचे आहे आणि चुकीचे मूळ एका शब्दात आहे.

राख म्हणजे जळून उरलेले. शिलारस जळत नसतो. वायूंच्या स्फोटाने त्याच्या चिंधड्या उडतात, त्या हवेतच थिजतात आणि काच व खनिजांचा बारीक चुरा होऊन खाली बसतात. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीकाठी असा थर आहे. त्याचे मूळ सुमात्रातील टोबा ज्वालामुखीत आहे हे अभ्यासकांनी ओळखले, ते त्यातील काचकणांच्या रासायनिक घडणीवरून. (तो टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाचा, हा वाद निराळाच.) चुलीतल्या राखेत अशी काच शोधून पाहावी!

भट्टीत हा भेद निर्णायक ठरतो. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश विपुल असते. सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे ती मातीतील सिलिकेला वितळवते आणि भांड्यावर चकचकीत थर चढतो. ज्वालामुखीच्या राखेत उलट सिलिका भरपूर, चुना थोडा. वितळण्यासाठी तिलाच मदत लागते.

चीनमध्ये शांग काळात, सुमारे ३,५०० वर्षांपूर्वी, लाकडाच्या राखेची झिलई दिसते. जपानमध्ये ५व्या शतकात कोरियन द्वीपकल्पातून बोगद्यासारखी भट्टी आली. तिच्यात भाजलेल्या ‘सुए’ भांड्यांवर जळत्या लाकडाची राख उडून बसे आणि झिलई आपोआप चढे. पुढे ९व्या शतकाच्या सुमारास सानागे येथील कुंभार तीच राख कालवून मुद्दाम लावू लागले. योगायोग ओळखून त्याचे तंत्र घडवायला पिढ्यान्‌पिढ्या भट्टीसमोर बसावे लागते. ते श्रेय डोंगराच्या खाती जमा करणे हा त्या कुंभारांवर उघड अन्याय आहे.

मग ज्वालामुखीची राख झिलईत कुणी वापरतच नाही काय? वापरतात. १८ मे १९८० रोजी अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला, ११ राज्यांत राख पडली आणि अनेक कुंभारांनी ती झिलईत घातली. तिच्यात जवळपास दोन तृतीयांश सिलिका आहे. लोहामुळे रंग तपकिरीकडे झुकतो. थर नीट वितळून पसरावा म्हणून तिच्यात चुना मिसळतात, किंवा चक्क लाकडाची राख.