खाडाखोड

मुलांच्या वहींतील खाडाखोड ही मास्तरकीच्या काळांत माझी मोठी वैरीण. तिच्याभोंवतीं तांबड्या शाईचें वर्तुळ काढून खालीं शेरा मारण्यांत माझीं कितीएक वर्षें गेलीं. त्यांपैकीं एका प्रसंगाची मात्र आज लाज वाटते. म्हणून हे चार शब्द.

इयत्ता सहावींतील एक मुलगा होता. त्याची आई वारल्यास महिनाही लोटला नव्हता. निबंधाच्या वहीचें एक संपूर्ण पान त्यानें काळ्या रेघांनीं भरलें होतें. नुसतीं चक्रें, नुसते गुंते. मध्यें एक पांढरी जागा तेवढी राखलेली. "हें काय?" असें विचारतां त्याला उत्तर देतां येईना. मीं तें पान सर्व वर्गासमक्ष त्याच्याच हातून फाडविलें. तो रडला नाहीं. आई गेली तेव्हांही रडला नव्हता, असें त्याच्या काकांकडून मागाहून समजलें.

गेल्या वर्षीं माझी पत्नी निवर्तली. घर माणसांनीं भरलेलें. वडील मनुष्यानें इतरांस धीर द्यावा, हा आपल्याकडील प्रघात. तो मीं पाळला. दिवस झाल्यावर एका बालमित्रास पत्र लिहीत असतां शेवटीं सवयीनें शब्द उतरले, 'सौ.चा नमस्कार'. ते खोडले. खोडलेल्या जागीं दुसरी रेघ, तीवर तिसरी; दिवेलागणीपर्यंत अर्धा कागद काळा झाला. मन कांहींसें हलकें वाटलें. आणि मग ध्यानांत आलें कीं, हें पान आपण पूर्वीं पाहिलेलें आहे.

भवभूतीनें 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकांत रामाच्या शोकास पुटपाकाची उपमा दिली आहे. औषधि गुंडाळून, वरून मातीनें लिंपून विस्तवांत ठेवतात. आंत दाह चालूं असतो, बाहेर दिसत नाहीं. त्याच अंकांत उपायही सुचविला आहे: तुडुंब भरलेल्या तलावास सांडवा हवा. ज्याला रडतां येतें त्याचा सांडवा म्हणजे अश्रु. ज्याला येत नाहीं त्यानें काय करावें?

रवींद्रनाथ ठाकुरांचें उदाहरण पाहावें. १९०२ सालीं पत्नी, १९०३ सालीं कन्या रेणुका, १९०७ सालीं धाकटा पुत्र शमींद्रनाथ, असे घाले त्यांनीं सोसले. पुढें १९२४ सालीं, वयाची साठी उलटल्यावर, 'पूरबी'च्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द ते शाईच्या रेघांनीं एकमेकांस जोडूं लागले आणि त्या खाडाखोडींतून अनामिक आकृति उमटूं लागल्या. १९३० सालीं पॅरिस येथें त्यांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन भरलें. दोन हजारांहून अधिक चित्रें त्यांनीं काढलीं; बहुतेकांस नांवच दिलें नाहीं. कोणतें चित्र कोणत्या दुःखाचें, हा हिशेब मांडणें अरसिकपणाचें होईल. परंतु आयुष्यभर शब्दांची उपासना केलेल्या कवीसही उतारवयांत नुसती रेघ जवळची वाटली, एवढें खरें.

आणि रेघ शाईचीच कां? पेन्सिलीची रेघ रबरानें पुसतां येते, शाईची येत नाहीं. जें उमटलें तें धरूनच पुढची रेघ ओढावी लागते. दुःखाचेंही तसेंच आहे. तें पुसून कोरा कागद मिळत नाहीं. त्याच्याभोंवतींच पुढचें आयुष्य रेखाटावयाचें असतें.

म्हणून वाचकांस एक विनंति. एकत्र कुटुंबांत बोलावयास माणसें पुष्कळ, एकांत थोडा. घरांतील एखादें मूल, एखादी सून किंवा एखादे आजोबा कागदावर अर्थहीन रेघा ओढीत बसलेले दिसले, तर "हें काय काढलें?" असें विचारूं नये. शाई जवळ ठेवावी आणि दार हलकेच लोटून घ्यावें.

मित्राचें पत्र मीं दुसऱ्या कागदावर लिहून धाडलें. पहिला कागद फाडला नाहीं. तो मुलगा कधीं भेटलाच, तर तो त्यास दाखवून क्षमा मागावयाची आहे.