दयाने दरवाजा तोडायच्या आधीची ‘सीआयडी’ : जुना भाग पुन्हा पाहताना नेमकं काय दिसतं?

‘कुछ तो गडबड है’ ही ओळ ऐकली की हवेत फिरणारी बोटं डोळ्यांसमोर येतात. ‘दया’ म्हटलं की दरवाजा आठवतो. ‘सीआयडी’ न पाहिलेल्या पोरांनाही हे ठाऊक असतं, कारण मालिका त्यांच्यापर्यंत मीम आणि रील बनून आली आहे. पण गेल्या काही काळात उलटा प्रवास सुरू झालाय. मीम पाहून मालिकेकडे, आणि मालिकेतही थेट सुरुवातीच्या, १९९८-९९ मधल्या भागांकडे. जुने चाहते आठवणीसाठी जातात, नवे कुतूहलापोटी. दोघांनाही एकच धक्का बसतो : ही ‘सीआयडी’ आपल्या डोक्यातल्या ‘सीआयडी’सारखी नाही.

असं का? आणि आज, फौजदारी कायदे बदलल्यानंतर, तो जुना भाग पाहताना काय लक्षात ठेवायला हवं?

आत्ताच जुने भाग का आठवले?

‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली. वीस वर्षांत दीड हजारांहून जास्त भाग झाले. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस गेले, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा जुन्या क्लिप शोधून काढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये कथेत एसीपी प्रद्युमन यांचा मृत्यू दाखवला गेला आणि सोशल मीडियावर अक्षरशः सुतक पाळलं गेलं. शिवाजी साटम सुखरूप आहेत ना, अशीही विचारणा झाली. पुढे ते पात्र परत आलं, पण त्या गोंधळात कित्येकांनी मालिकेचं पहिलं पान पुन्हा उघडलं.

सुरुवातीच्या भागात वेगळं काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे वेग. सुरुवातीच्या काळात एक प्रकरण दोन भागांत चालायचं. मालिका आठवड्यातून एकदा लागायची. म्हणजे खून या आठवड्यात, खुनी पुढच्या आठवड्यात. मधले सात दिवस घरात, ऑफिसात, लोकलमध्ये तर्क लढवायचे. त्यामुळे लेखकाला संशयितांची चौकशी, पुराव्यांची जुळवाजुळव, चुकीच्या दिशेने गेलेला तपास हे सगळं दाखवायला जागा होती. आज एका बैठकीत दोन्ही भाग पाहताना हे संथ वाटतं. पण मालिकेचा जीव त्या संथपणातच होता.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. आपल्या आठवणीतला संच तेव्हा जमलेला नव्हता. तिथे इन्स्पेक्टर वीरेंद्रच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर दिसतात, ‘लगान’च्या आधीचे. अभिजीत १९९९ मध्ये आला. गंमत म्हणजे त्याआधी आदित्य श्रीवास्तव याच मालिकेत एका गुन्हेगाराच्या भूमिकेत झळकून गेले होते.

तिसरी गोष्ट म्हणजे ओळी. पहिल्या काही भागांत कुठलीही ओळ ‘ती प्रसिद्ध ओळ’ असणं शक्यच नव्हतं. शंभर वेळा ऐकल्यावरच वाक्याचा वाक्प्रचार होतो. आज आपण ज्याला ‘सीआयडी’ म्हणतो, ते पुढच्या वर्षांत साचत गेलेलं आहे. दरवाजा, कानाखाली आवाज, आणि ‘आता फाशी’.

या शैलीचं मूळ कुठे आहे?

मराठी प्रेक्षकाला याचं उत्तर जवळचं वाटेल. ‘सीआयडी’चे निर्माते बी. पी. सिंग मुंबई दूरदर्शनमध्ये कॅमेरामन होते. ‘सीआयडी’च्या आधी त्यांनी पोलीस तपासावरची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली. त्यातले पोलीस अधिकारी होते शिवाजी साटम, जे तेव्हा बँकेतली नोकरी सांभाळून नाटक आणि अभिनय करत. पोलिसांच्या १०० या दूरध्वनी क्रमांकावरून मालिकेचं नाव आलं. म्हणजे एसीपी प्रद्युमन यांचं बीज मराठी दूरदर्शनच्या त्या साध्या, कमी खर्चाच्या, तपासकथेवर विश्वास असलेल्या मालिकेत आहे. पुढे २००४ मध्ये याच चमूने १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला. मीममुळे मालिकेची थट्टा होते, पण तिच्या मागे प्रयोग करणारी माणसं होती हे विसरायला नको.

तेव्हाचा तपास आजच्यापेक्षा किती वेगळा होता?

जुना भाग पाहताना मनात सतत येतं, ‘अरे, मोबाइलचं लोकेशन काढा ना!’ पण भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ती १९९५ मध्ये. १९९८ मध्ये फोन हातात असणं ही श्रीमंतीची खूण होती आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. रस्त्यावर सीसीटीव्ही नव्हते. माग काढायचा तो लँडलाइन, एसटीडी बूथ, हॉटेलचं रजिस्टर, शेजारी आणि वॉचमन यांच्याकडून.

कायदाही त्याच काळातला होता. मालिका सुरू झाली तेव्हा भारतीय पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी स्वतंत्र तरतूदच नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आला आणि त्यानंतर कलम ६५-ब जोडलं गेलं. आज ते काम भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ करतं. व्हॉट्सॲप चॅटचा नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही. तो पुरावा कुठल्या उपकरणातून, कसा घेतला याचं प्रमाणपत्र लागतं.

एसीपी ‘सीआयडी’त असतो का? आणि डॉ. साळुंखे?

महाराष्ट्राच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं, म्हणजे सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. एसीपी हे पद मात्र पोलीस आयुक्तालयातलं, मुंबई किंवा पुणे शहर पोलिसांसारखं. त्यामुळे ‘मुंबईच्या सीआयडीतला एसीपी’ ही मालिकेने केलेली भेसळ वाटते. पण ती पूर्ण खोटी नाही. मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा कागदोपत्री आजही ‘डीसीबी-सीआयडी’ म्हणून ओळखली जाते.

डॉ. साळुंखे यांच्याबाबत मात्र मालिकेने फारच सोय करून घेतली. प्रत्यक्षात शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातले डॉक्टर करतात. रक्त, विष, डीएनए, गोळ्या यांची तपासणी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होते. मुंबईतली प्रयोगशाळा कलिन्याला आहे. तिथेही प्रत्येक विषयाचा वेगळा विभाग असतो. बातमीत आपण वाचतो की ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’. त्याचा अहवाल यायला अनेकदा महिने जातात. साळुंखेसाहेब तो जाहिरातीनंतर लगेच देतात.

दरवाजा तोडायचा अधिकार पोलिसांना खरंच आहे?

आहे, पण अट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ नुसार (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४७) अटक करायची असलेली व्यक्ती आत असेल, तर पोलिसांनी आधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून आत येऊ देण्याची मागणी करायची असते. तरीही आत जाता येत नसेल, तरच दार तोडता येतं. थोडक्यात, दयाने आधी बेल वाजवायला हवी.

झडतीचंही तसंच आहे. पंच लागतात आणि पंचनामा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही बंधनकारक आहे. मालिकेत रुमालात उचललेली सुरी थेट साळुंखेंच्या टेबलावर जाते. प्रत्यक्षात तीच सुरी पंचांसमोर सीलबंद झाली नाही, तर बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

गुन्हेगाराने कबुली दिली की प्रकरण संपतं का?

मालिकेतला सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे, आणि तो जुन्या-नव्या सगळ्याच भागांत आहे. एसीपी साखळी जोडतात, संशयित घाम पुसतो, मग ‘हो, मीच मारलं’ म्हणतो. पडदा.

भारतीय कायद्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम २५ मध्ये हे होतं, आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीने सांगितल्यावरून हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यांसमोर, स्वेच्छेने आणि विचार करायला वेळ दिल्यावर.

हा नियम गुन्हेगाराला वाचवायला नाही. चार भिंतींच्या आत मार देऊन कोणाकडूनही काहीही वदवून घेता येतं, हे इंग्रजांच्या काळातल्या कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून कबुलीसाठी इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मालिकेत टाळ्या घेणारी ती कानाखाली खऱ्या आयुष्यात अधिकाऱ्यालाच आरोपी करू शकते.

आणि फाशी? ती पोलीस देत नाहीत. सत्र न्यायालयाने सुनावली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यापासून ती फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणासाठी आहे.

मालिकाच तर आहे, एवढं मनावर का घ्यायचं?

मालिका पाहून कोणी कायदा हातात घेतो, असं म्हणायचं नाही. पण गोष्ट कुठे संपते, याची सवय आपल्याला लागते. आरोपी सापडला म्हणजे न्याय झाला, मग खटला, साक्षी, उलटतपासणी ही उगाचची दिरंगाई, असं वाटू लागतं.

६ डिसेंबर २०१९ ची पहाट आठवा. हैदराबादजवळ एका तरुणीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली आणि सोशल मीडियावर जल्लोष झाला. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये समोर आलेल्या अहवालात निष्कर्ष निघाला, तो असा की आरोपींवर त्यांना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या. खरे गुन्हेगार तेच होते का, हे ठरवणारा खटला चाललाच नाही, आणि आता कधी चालणारही नाही. त्या तरुणीच्या घरच्यांना जे मिळालं, त्यावर न्यायालयाची मोहोर नाही.

मोठ्या गुन्ह्यानंतर आपल्या टाइमलाइनवर ‘खटला कशाला, संपवून टाका’ हे वाक्य आजही पहिल्या तासात येतं. तेव्हा आपण नकळत जाहिरातीनंतरचा शेवट मागत असतो.

मग जुना भाग पाहायचा की नाही?

जरूर पाहायचा, आणि दोन्ही भाग पाहायचे. कारण सुरुवातीच्या ‘सीआयडी’त एक गोष्ट आजच्या तपासालाही लागू पडते. पहिला संशयित बहुतेक वेळा खुनी नसतो. पहिला भाग संपताना आपली खात्री एकावर असते आणि पुढच्या आठवड्यात ती खोटी ठरते. ते सात दिवस थांबणं, हीच त्या मालिकेने दिलेली चांगली सवय होती.

नव्या कायद्याची दिशाही तीच आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं कलम १७६ ने बंधनकारक केलं आहे. राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. महाराष्ट्रात फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन सुरू झाल्या आहेत. पण व्हॅनने पुरावा आणला तरी तो तपासणारी प्रयोगशाळा, मांडणारा सरकारी वकील आणि फितूर न होणारा साक्षीदार लागतोच.

म्हणून पुढच्या वेळी रीलवर दयाचा दरवाजा तुटला की खुशाल हसा. मग जुन्या भागाचा पहिला अर्धा तुकडा लावा आणि खुनी कोण ते ठरवा. दुसरा भाग पाहिल्यावर मोजा, आपण किती वेळा चुकलो. खऱ्या प्रकरणावर पोस्ट टाकण्याआधी तो आकडा आठवला, तरी पुष्कळ झालं.